उपरण्याखाली दिलेले हात

मामा,

आपल्या रीतीप्रमाणे तुम्हाला मातीत बसवून आम्ही परतत होतो, तेव्हा माझ्या मागून चालणाऱ्यांपैकी कुणीतरी तो शब्द उच्चारला. "गेला बिचारा वायदेमोड्या." आवाज हलका होता, पण मला ऐकू आला. त्यातला 'बिचारा' त्याने मनापासून म्हटला असावा. मी वळून पाहिले नाही. वळावे, थांबावे, दोन शब्द सुनवावेत, हे मला कधीच जमले नाही, आणि ते तुमच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते.

चालता चालता मनात मात्र एक विचित्र गोष्ट घडली. हा शब्द ऐकून मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मला भय वाटले, कारण गेले सारे वर्ष मीही तुमच्याशी त्याच शब्दावर भांडत होतो. त्या माणसाने तो पाठीमागून म्हटला आणि मी समोर बसून, कायद्याची कलमे लावून म्हणत असे, एवढाच आमच्यात फरक होता.

माझे सारे शिक्षण उर्दूत झाले. मराठी मी घरात बोललो, पण ती लिहायला बसलो चाळिशी उलटल्यावर, तुमच्याच दुकानात. त्यामुळे हा मजकूर जरा पट्टीने रेघा मारल्यासारखा होईल. तुम्ही वाचला असता तर म्हणाला असता, "जावईबापू, ह्यात माणूस कुठं बसलाय ते दाखवा, नुसतं घर बांधलंय." तरी लिहितो. बोलून दाखवण्याचा काळ गेला.

हैदराबादेत वकिलीची परीक्षा पास होऊन मी धाराशिवला आलो, तेव्हा सगळ्यांना वाटले की जावई आता कोर्ट गाजवणार. कोर्टात उभा राहिलो की माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. मुन्सिफसाहेब वाट पाहत, अशील माझ्याकडे पाहत राही, आणि मी कागद उलटेपालटे करीत असे. काही वर्षे अशी काढल्यावर एक दिवस तुम्ही म्हणालात, "दुकानात बसा. माझ्याकडं करडई हाय, तूर हाय, जवस हाय, ह्यांच्यापुढं बोलायचं भ्या वाटत न्हाई." गिरिजेसमोर, तुमच्या लेकीसमोर, मला शरम वाटू नये म्हणून तुम्ही ते थट्टेत घातलेत. तुमच्या आडतीच्या गादीच्या कोपऱ्यात मी बसलो, आणि तिथे एक चमत्कार झाला. मला बोलता येऊ लागले, पण ते फक्त तुमच्याशी. दुपारी पेठ निवांत झाली की आपण वाद घालायचो आणि मी आवाज चढवायचो. तुम्ही बशीतला चहा फुंकत ऐकायचा आणि म्हणायचा, "एवढं कोर्टात बोलला असता तर आज हैदराबादेत बंगला असता."

मग ते वर्ष आले.

आपल्या पेठेत करडईचा वायदा चाले. संक्रांतीच्या सुमारास भाव ठरायचा, काही रक्कम आगाऊ दिली जायची आणि पाडव्याला माल द्यायचा किंवा घ्यायचा. माल नसेल तर ठरलेल्या भावात आणि त्या दिवशीच्या भावात जो फरक पडेल तो चुकता करायचा. वायदा विकणाऱ्या बहुतेकांच्या घरी करडईचा एक दाणाही नसे. ते फरकावरच खेळत. चांगल्या वर्षी ही गंमत असे. कुणाचे चांदीचे ताट वाढायचे, कुणाचे कमी व्हायचे. तुम्ही पंच होता, आणि पंचाने स्वतःच्या नावावर वायदा करायचा नाही ही पेठेची जुनी रीत तुम्ही पाळत होता.

त्या वर्षी संक्रांतीला वायदे झाले आणि पुढच्याच दिवसांत सरहद्दीकडची गावे ओस पडू लागली. रझाकारांच्या भयाने लोक पोराबाळांसकट सरहद्द ओलांडून बार्शीकडे निघून गेले. करडई शेतात उभी राहिली, कुठे जळाली, कुठे गुरांनी तुडवली. सरहद्दीवरचे नाके बंद झाले, येडशीच्या स्टेशनावरून माल हलेना. पाडवा जवळ येऊ लागला आणि करडईचा भाव असा चढला की तो ऐकून विकणारे घराबाहेर पडेनात.

महालिंगला तर आपण दोघांनी पाहिले. लहानसे दुकान, वर्षानुवर्षे दोन-चार वायदे करणारा गरीब माणूस. त्याने वायदा विकला होता आणि ज्या गावांतून माल आणणार होता ती गावेच उरली नव्हती. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, अशा अवस्थेत तो येऊन आपल्या ओट्यावर नुसता बसायचा. काही मागायचा नाही. तुम्ही त्याला पाणी द्यायला सांगायचा आणि तो ते हातात धरून बसायचा.

दुसऱ्या बाजूला तुमचे रेवणअप्पा होते. ढोकीला त्यांचे तेलाचे घाणे. तुम्ही दोघे लहानपणापासूनचे मित्र. हसायचे असले की कानडीत बोलायचा आणि भांडायचे असले की मराठीत. रेवणअप्पांनी वायदा घेतला होता तो खेळ म्हणून नव्हे. आसपासच्या गावांना त्यांनी वर्षभराच्या तेलाचा शब्द दिला होता, आणि करडई ठरल्या भावाने मिळावी म्हणून त्यांनी महालिंगशी आणि आणखी काहींशी वायदा केला होता. खरे पाहता, सगळ्या पेठेत वायद्याचा योग्य उपयोग करणारा तोच एक माणूस होता.

म्हणून मी त्यांच्या बाजूने होतो, मामा. अजूनही त्यातल्या काही मुद्द्यांवर आहे. मी तुम्हाला म्हणालो होतो, "वायदे मोडले तर ज्याने शहाणपणाने जोखीम टाळली त्यालाच शिक्षा होईल, आणि ज्याने आंधळेपणाने जोखीम घेतली तो सुटेल."

तुम्ही म्हणालात, "व्हय, तसंच हुईल."

"मग भाव पडला असता, तर महालिंगने आपला नफा परत दिला असता का?"

तुम्ही हसलात. "न्हाई दिला असता. मलई चाटून बसला असता."

"मग?"

"मग काय, चहा घ्या. गार हुतोय."

मला त्या हसण्याचा फार राग आला होता. मी म्हणालो, उद्या प्रत्येक तोट्यातला माणूस संकट आले म्हणून ओरडेल. संकट कशाला म्हणायचे हे कोण ठरवणार? तेव्हा तुम्ही बशी खाली ठेवलीत. "संकट म्हंजे काय हे विचारायची सवड हाय तवर ते संकट न्हाई, जावईबापू." मी म्हणालो, ही व्याख्या कोर्टात टिकणार नाही. तुम्ही म्हणालात, "कोर्ट तरी कुठं टिकतंय सध्या?" ते खरेच होते. तालुक्याची कचेरी कधी उघडेल याचाच भरवसा नव्हता.

आणि मग तुम्ही ते वाक्य म्हणालात, जे मी खोडून काढले असे मला वाटत होते आणि जे तुम्ही गेल्यापासून माझ्यामागे लागले आहे. "वायदा म्हंजे पुढचा दिवस येणार ह्या भरवशावर केलेला सौदा. दिवसच आला न्हाई तर कुणी कुणाला काय द्यायचं?"

"दिवस येतोच, मामा," मी म्हणालो. "फक्त वाईट येतो. वाईट दिवसासाठीच तर करार करतात."

तुम्ही पुन्हा बशी उचललीत आणि उरलेला चहा प्यायलात. मला वाटले, मी जिंकलो.

पाडव्याआधी पेठ महादेवाच्या मंडपात जमली. हे पुढे कुणी परक्याने वाचलेच, तर त्याच्यासाठी ही रीत लिहून ठेवतो. पेठेत भाव बोलायचा नसतो. विकणारा आणि घेणारा उपरण्याखाली हात घालून बोटांनी भाव सांगतात, म्हणजे तिसऱ्याला कळत नाही. मोठ्या निर्णयालाही तीच रीत. पंच आपले उपरणे मांडीवर पसरतो, प्रत्येकजण येऊन त्याखाली हात घालतो. वायदा पाळायचा असेल तर पंचाच्या तळहातावर पंजा टेकवायचा, मोडायचा असेल तर मूठ. कुणी काय दिले ते फक्त पंचाला कळते आणि ते त्याच्यापाशीच राहते. पंच निकाल सांगतो. मते किती पडली ते सांगत नाही.

हात देण्यापूर्वी खूप बोलणे झाले. विकणारे गप्प होते. घेणारे मात्र मोठमोठ्याने बोलत होते. "शब्द तो शब्द!" "आज हे मोडलं, उद्या सोयरीक बी मोडाल!" "पेठंचं नाव मातीत घालता काय?" सगळ्यांत मोठा आवाज रेवणअप्पांचा. "मी तेल कुठनं काढू? दगडातनं?" त्यांनी विचारले, आणि मला वाटले, याला उत्तर नाही. महालिंग एका खांबाला टेकून बसला होता. त्याच्याकडे कुणी पाहत नव्हते.

मग एकेकजण तुमच्याकडे आला आणि हात देऊन गेला. मी बाजूला उभा होतो; माझ्या नावाचा वायदा नव्हता, म्हणून मला हात देण्याचा अधिकार नव्हता. मी फक्त तुमचा चेहरा पाहत होतो. पहिल्या काही हातांनंतर तुम्ही मान वर केलीत, जणू समोर कोण आहे याची खात्री करून घेत होता. मग पुन्हा खाली पाहिलेत. रेवणअप्पा आले, हात घातला, काढला आणि तुमच्याकडे न पाहता गेले. शेवटचा हात झाल्यावर तुम्ही उपरणे उचलले नाही. डोळे पुसलेत. मग उभे राहून म्हणालात, "वायदे मोडले. आगाऊ घेतलेलं ज्याचं त्याला परत करावं."

आरडाओरड झाली. रेवणअप्पा पुढे आले. इतकी वर्षे तुम्हाला 'अरे' म्हणणारा माणूस म्हणाला, "पंच, तुम्ही मोठे झालात. आमच्यासारख्या तेल्याचा आता तुमच्याशी संबंध न्हाई." आणि मंडपाच्या पायऱ्या उतरून निघून गेले.

घरी येताना मी विचारले, "खरंच मुठी जास्त होत्या का, मामा?"

"उपरण्याखाली दिलेला हात उपरण्याखालीच राहतो."

"म्हणजे तुम्हीच ठरवलंत."

तुम्ही चालत राहिलात. वाटेत, बाजाराच्या कमानीपाशी, मध्येच थांबून म्हणालात, "आपली पेठ चांगली हाय, जावईबापू." मी ते उपहासाने घेतले. मला वाटले, त्या आरडाओरडीवर तुम्ही टोमणा मारताय.

त्यानंतरचे महिने मला आठवायलासुद्धा जड जातात. रेवणअप्पांना चढ्या भावाने बाहेरून करडई घ्यावी लागली, एक घाणा विकावा लागला. तेही त्यांनी निमूटपणे केले नाही. ढोकीला जो कुणी जाई तो तुमच्याबद्दल काहीतरी ऐकून येई. पेठेत पाठीमागे तुमचे नवे नाव पडले. पंच म्हणून तुम्हाला कुणी बोलवीना. मी मात्र दुपारचा वाद सोडला नाही. मला वाटे, तुम्ही एकदा तरी कबूल करावे की चूक झाली, म्हणजे आपण पुढे जाऊ. तुम्ही म्हणायचा, "तुमचं म्हणणं चुकीचं न्हाई." मी विचारायचो, "मग तुमचं?" तुम्ही म्हणायचा, "माझं बी न्हाई." मी चिडायचो. तुम्ही माझ्यासाठी चहा मागवायचा.

पुढे फौजा आल्या, राज्य बदलले, नाके उठले. गाड्या पुन्हा धावू लागल्या. ज्यांची गावे ओस पडली होती ते परतले. महालिंगनेही आपले बंद पडलेले दुकान पुन्हा उघडले. आणि त्या हिवाळ्यात तुमच्या छातीत कफ साचला तो उतरलाच नाही. शेवटच्या आठवड्यात दाराशी पाऊल वाजले की तुम्ही विचारायचा, "कोण, रेवण आला का?" गिरिजा म्हणायची, "अप्पा, येतील." मी ढोकीला निरोप पाठवला. माणूस परत आला आणि म्हणाला, ऐकून घेतलं, बोलले काही न्हाईत. हे मी तुम्हाला सांगितले नाही. तुम्ही न विचारताच ओळखलेत, आणि म्हणालात, "त्याला लाज वाटत असंल." मी मनात म्हटले, त्यांना लाज का वाटावी, मामा? लाज वाटायला हवी ती कुणाला? इतका मी तेव्हाही माझ्या मुद्द्याला चिकटून होतो. तुमचा श्वास आत अडकत होता आणि मी मनातल्या मनात तुमच्याशी वाद घालत होतो.

तुमच्या दिवसांचे जेवण, शिवगणाराधना, होते त्या दिवशी रेवणअप्पा आले. जेवणाची पंगत बसली होती. ते आत आले नाहीत, परसात लिंबाच्या झाडाखाली उभे राहिले. मी पानावर चला म्हणून बोलवायला गेलो, तर त्यांनी माझे मनगट धरले. म्हातारा माणूस, पण पकड घाण्याच्या लाकडासारखी.

"जावईबापू, एक सांगू? म्या मूठ दिली व्हती."

मला कळले नाही.

"त्या दिवशी. मंडपात. म्या मूठ दिली व्हती त्याच्या हातात."

"पण तुम्हीच तर..."

"मीच वरडत व्हतो. व्हय. गावात तेलाचा शब्द दिला व्हता, घरात भाऊ हायत, त्यांच्यापुढं मला वरडायलाच पायजे व्हतं. पर त्यो महालिंग खांबाला टेकून बसला व्हता ना... हात घालताना पंजा उघडंना माझा. म्हटलं, बाकीचे समदे तर पंजाच देनार हायत. माझ्या एका मुठीनं काय व्हतंय? माझं मन बी मोकळं हुईल अन् करडई बी मिळंल." ते हसले की रडले, ते मला सांगता येणार नाही. "दोन्ही पायजे व्हतं मला. अन् वायदे मोडले म्हनल्यावर म्या त्याच्यावरच तुटून पडलो. अन् त्यो माझ्याकडं बघत उभा. त्याच्या हातात माझी मूठ गेली व्हती, अन् त्यो एक शबुद बोलला न्हाई."

मी विचारले, "दुसऱ्यांनीही तसंच केलं असेल?"

"मला काय ठाव. पर त्या दिवशी आमच्यातला कुणीबी एकमेकाच्या तोंडाकडं बघत न्हवता."

मामा, मी त्यांना पानावर बोलवायचेही विसरलो. इतके दिवस मी असे समजत होतो की तुम्ही शब्द मोडलात. आणि तुम्ही मात्र त्या दिवसापासून श्वास थांबेपर्यंत एकच शब्द पाळत होता, शिव्या खाऊन, मित्र गमावून, जावयाचे टोचून बोलणे ऐकून. मला जरा खूण केली असती, तर माझी तरी कटकट थांबली असती. रेवणअप्पांना डोळ्यांनी इशारा केला असता, तर ते तुमच्या उशाशी येऊन बसले असते. तुम्ही ते केले नाहीत. तो हात त्यांचा होता, तो सांगायचा की नाही हे त्यांनीच ठरवायचे, असेच तुमचे म्हणणे असणार. आणि मी कायदा शिकलेला माणूस, तुम्हाला करार म्हणजे काय ते समजावून सांगत होतो.

गिरिजेला सांगितले तेव्हा तिने पदर तोंडाशी धरला. मग म्हणाली, "म्हणजे अप्पांना रेवणकाकांचा राग नव्हताच. नुसती वाट पाहत होते." ते वाक्य मी ऐकले नसते तर बरे झाले असते. त्या दिवसापासून ते मला जेवू देत नाही.

रेवणअप्पांनी पुढे जे केले ते तुम्हाला आवडले असते की नाही, मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी पेठ भरलेली असताना ते तुमच्या दुकानाच्या ओट्यावर उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझी मूठ व्हती. बाकीच्यांचं मला ठाव न्हाई, इचारायचं बी न्हाई. पर ह्या मानसाला पुन्हा कुणी वायदेमोड्या म्हनलं तर आधी मला म्हना." जे सर्वांत मोठ्याने ओरडले होते ते जवसाच्या पोत्यांकडे पाहत होते. एकाने पागोटे काढून पुन्हा घातले. मला त्यातल्या कुणाचाही हात जाणून घ्यायचा नाही. ते हात तुमच्याबरोबर गेले आहेत, आणि बरे झाले. वायद्याने ज्यांना फायदा होणार होता त्यांनाच तो वायदा नको होता, फक्त तो मोडल्याचा दोष दुसऱ्या कुणाच्या तरी माथी जायला हवा होता. तो तुम्ही घेतलात. हे कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात मी वाचले नव्हते. आणि कमानीपाशी तुम्ही पेठेला चांगली म्हणालात, तो टोमणा नव्हता.

तरीही मामा, मी पुरता तुमच्या बाजूला आलेलो नाही. तुमच्यापाशी खोटे बोलणार नाही. रेवणअप्पांचा घाणा गेला तो गेलाच. त्यांची मूठ खरी असली तरी त्यांच्याकडून तेल घेणाऱ्या गावांनी काही मूठ दिली नव्हती. या मुद्द्यावर तुम्ही काय म्हणाला असता ते मला ऐकायचे आहे.

काल पेठेतले चार-सहा जण घरी आले. वाटा खुल्या झाल्या आहेत, यंदा करडई बरी आहे, वायदा पुन्हा सुरू करायचा आहे. पंच म्हणून तुमच्या जागी मी बसावे असे त्यांचे म्हणणे. गिरिजा दाराआडून पाहत होती. आणि मग मी बोललो, मामा. परक्यांसमोर, न अडखळता, कोर्टात कधी बोललो नव्हतो तसा. मी म्हणालो, बसेन, पण एका अटीवर. वायदा करतानाच आधी सांगून ठेवायचे: वाटा बंद झाल्या, गावे उठली, तर वायदा मोडेल, आगाऊ परत होईल, आणि जो काही माल हाती येईल तो ज्यांनी लोकांना तेलाचा किंवा धान्याचा शब्द दिला आहे त्यांना आधी मिळेल, फरकावर खेळणाऱ्यांना मागाहून. आपत्तीत करार मोडू नये, आणि मोडायचाच असेल तर तो मोडणे करारातच असावे.

बोलून झाल्यावर मला एकदम दिसले की यात एक मोठे भोक आहे. वाटा बंद झाल्या हे कुणी ठरवायचे? एक वाट बंद आणि दुसरी उघडी असेल तर? तुम्ही तिथल्या तिथे पकडले असते. बशी खाली ठेवली असती आणि म्हणाला असता, जावईबापू, पुन्हा तिथंच आलात.

मी वाट पाहिली. सगळ्यांकडे एकेक करून पाहिले. सगळे माना डोलावत होते. "बराबर हाय," "वकीलसाहेब म्हनतात ते बराबर हाय," "मान्य हाय." एकानेही माझी चूक दाखवली नाही.